वाचकांचे प्रश्न : तिचा डाव राखून ठेवा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे बडोद्याची आहेत आणि चारही पत्रांचा विषय एकच आहे : दुसऱ्या गावाहून येथे आलेल्या स्त्रिया आणि त्यांचे मन. म्हणून इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून या चारांनाच जागा दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून मांजलपूरला राहते. आमच्या सोसायटीत आणि मागच्या चाळवजा खोल्यांत गेल्या चार-पाच वर्षांत पुष्कळ नवी कुटुंबे आली आहेत. काही जळगाव-धुळ्याकडची मराठी आहेत, काही उत्तर प्रदेश-बिहारची. पुरुष मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जातात आणि बायका दिवसभर घरात असतात. त्यांना एकत्र आणावे म्हणून मी संक्रांतीला हळदीकुंकू केले, श्रावणात मंगळागौरीचे खेळ ठेवले, दोनदा तंबोलाही केला. पहिल्या वेळी वीस जणी आल्या, शेवटच्या वेळी सहा, आणि त्याही आमच्याच जुन्या मैत्रिणी. माझे काय चुकते?

उत्तर : ताई, आपले चुकले ते फार थोडे, परंतु जे चुकले ते मुळाशी आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 2020-21 साली स्थलांतराची माहिती गोळा करण्यात आली होती. तीत देशातील 47.9 टक्के स्त्रिया स्थलांतरित ठरल्या, पुरुष मात्र 10.7 टक्के, आणि त्या स्त्रियांपैकी 86.8 टक्के लग्नामुळे गाव सोडून आलेल्या होत्या. गाव सोडणे ही आपल्याकडे मुख्यतः बायकांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, तरीही ‘परगावाहून आलेला’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिशवी खांद्याला लावलेला पुरुषच उभा राहतो. त्या पुरुषाला आल्या दिवसापासून पाळी, मुकादम, चहाची टपरी आणि भांडायला चार माणसे मिळतात. त्याच्या बायकोला मिळते गॅसची शेगडी, नळाची वेळ आणि आतून लावलेली कडी. मी 1991 साली अकोल्याहून लग्न होऊन दांडिया बाजारात आले, तेव्हा घर मराठी होते, शेजार मराठी होता, भाजीवालीसुद्धा मोडके मराठी बोलत असे. तरी वांग्याला रिंगण आणि कांद्याला डुंगळी म्हणताना आपले हसे होईल या धास्तीने पहिले दोन महिने मी भाजीला एकटी गेले नाही. जिला तसा शेजारही नाही, तिचे काय होत असेल याचा अंदाज मी त्यावरून करते.

आता आपले तीन कार्यक्रम पाहू. हळदीकुंकवाच्या दाराला अट असते. मागच्या खोल्यांतली एखादी विधवा असेल, एखादीला नवऱ्याने टाकले असेल, आणि नेमकी तीच सर्वांत एकटी असेल. तिला आपण आग्रहाने बोलावले तरी ती यायची नाही. आली तर करंडा तिच्यापाशी येऊन क्षणभर थबकेल आणि तो क्षण ती वर्षभर विसरणार नाही. तंबोल्याला वर्गणी लागते, आणि भराभर पुकारलेले इंग्रजी किंवा गुजराती आकडे समजावे लागतात. मंगळागौरीचे खेळ मला स्वतःला अतिशय प्रिय आहेत, परंतु अलीकडे ते पथकांचे झाले आहेत : सारख्या रंगाच्या नऊवाऱ्या, महिनाभर तालीम, ध्वनिक्षेपक आणि शेवटी बक्षीस. नवी बाई खुर्चीवर बसते, टाळ्या वाजवते आणि घरी जाते. तिन्ही ठिकाणी ती पाहुणी राहिली. पाहुणीला चहा मिळतो, डाव मिळत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे सारे मर्म या डावात आहे. काही जणी गोल बसून खेळतात तेव्हा प्रत्येकीवर आपापल्या वेळी पाळी येतेच. तिला भाषा येवो न येवो, बोलावेसे वाटो न वाटो, तेवढ्यापुरते सगळ्यांचे डोळे तिच्या हाताकडे लागतात आणि तिच्या गावाची, नवऱ्याच्या नोकरीची किंवा अजून मूल का नाही याची चौकशी कोणी करत नाही. गप्पांचे तसे नसते. गप्पांत शिरण्यासाठी आधी ओळख लागते, आणि ओळख होण्यासाठी गप्पा लागतात. नवी बाई या फेऱ्यातच अडकलेली असते.

एक प्रसंग सांगते. नवापुऱ्यातील एका ओटल्यावर आम्ही पाच-सहा जणी दर बुधवारी दुपारी बसत असू. धुळ्याकडच्या खेड्यातून आलेली एक तरुण बाई तीन आठवडे मुलाला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. नाव विचारले तेवढे सांगितले. चौथ्या बुधवारी एका गुजराती शेजारणीने रस्त्याच्या कडेच्या खडीतून पाच गोलसर खडे वेचून आणले आणि ‘चला, पांचिका रमीए’ म्हणाली. आपले सागरगोटे तेच गुजरातीत पांचिका. शेजारीण खेळू लागली. एकेक उचलून झाला, दोन-दोन झाले. ही बाई पाहत होती. मग तिने मुलाला माझ्याकडे दिले, खडे पदराला पुसले, एक वर उडवला, खालचे चार एका झपाट्यात गोळा केले आणि वरचा अलगद झेलला. तिच्या बोटांच्या पेरांवर तव्याचे जुने चटके होते. ‘असं नाही,’ ती शेजारणीला म्हणाली, ‘आमच्याकडे डाव्या हाताची कमान करतात आणि तिच्याखालून खडे सारतात.’ आमच्यापाशी ती पहिल्यांदा बोलली ती आमची चूक काढण्यासाठी, आणि त्या दिवसापासून कमानीचा नियम आमच्याकडे तिच्या गावाच्या नावाने चालू आहे.

तेव्हा आपण खेळ शिकवू नका, खेळ विचारा. ‘तुमच्याकडे काय खेळत होतात?’ या एका प्रश्नावर जी बाई घडाघडा बोलू लागते ती आपल्या आजोळच्या अंगणात जाऊन पोहोचलेली असते, आणि अनोळखी गावात तिला एरवी जे कधीच मिळत नाही, म्हणजे आपल्याला काहीतरी येते आणि ते इतरांना येत नाही याची जाणीव, ती तिला फुकटात मिळते. अष्टा-चंग फरशीवर खडूने आखता येतो. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून घ्यावेत. चंगाला आणखी एक डाव मिळतो की नाही, सोंगटी कोणत्या घरात मारता येत नाही, यावर खानदेश आणि बिहार यांचे एकमत होणार नाही. होऊ देऊ नका. नियमांवरचे भांडण हा ओळखीचा उत्तम मार्ग आहे.

(जाता जाता एक सल सांगते. याच बडोद्यात हिंदविजय जिमखान्याने 1923 साली हुतूतूचे नियम छापले आणि अखिल भारतीय सामने भरवले, अशी नोंद खेळाच्या इतिहासात आहे. पुरुषांच्या खेळांना येथे आखाडे मिळाले, इमारती मिळाल्या, पुस्तके मिळाली. बायकांच्या खेळांना मिळाले ते माहेरचे अंगण, आणि तेही लग्नाबरोबर सुटले.)

व्यवहाराच्या काही गोष्टी. वार आणि वेळ ठरवली की वर्षभर बदलू नका, मग दोघीच आल्या तरी चालेल. धुणीभांडी करणाऱ्या बायका साधारण दोनला मोकळ्या होतात आणि चारला पुन्हा कामावर निघतात. त्या दोन तासांतला एक तास मागा, त्यांची संध्याकाळ मागू नका. सोसायटीचा कॉमन प्लॉट सावलीचा असेल तर उत्तम, परंतु मागच्या खोल्यांतल्या बायका आपल्या फाटकातून आत यायला बिचकत असतील तर आपणच त्यांच्या ओट्यावर जावे. दहाच्या वर जणी झाल्या की दोन डाव मांडावेत. मुले येणारच, त्यांना हाकलू नये. फुगडी, झिम्मा अवश्य घ्या; फुगडीत स्वतःचा तोल दुसरीच्या हातांवर सोडावा लागतो, आणि अनोळखी बाईवर तेवढा भरवसा टाकण्याची संधी एरवी कुठे येते? मात्र गरोदर, गुडघे धरलेल्या किंवा रक्तदाबाच्या बायकांना त्या आग्रहात ओढू नका. आणि फोटो काढू नका. आपल्याला ही बाब क्षुल्लक वाटेल; परंतु एखादीने घरी न सांगता ती दुपार मिळवलेली असते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेले एक छायाचित्र तिचे येणे कायमचे बंद करते.

आता राहिली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सलग दोन वेळा एखादी आली नाही, तर तिच्या दाराशी जाऊन ‘तुमचा डाव राखून ठेवलाय’ एवढे सांगून यावे. कारण विचारू नये. सांगायचे असेल तर ती सांगेल, आणि तिने सांगितलेले त्या ओट्यावरून उठून कुठेही जाणार नाही, हा एकच नियम आपल्या मंडळाला असू द्या. ऐकून घेणे हे वाटते तितके सोपे काम नाही, पण ते शिकता येते. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या आणि नंतर आपल्या गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात राबवलेल्या ‘आत्मीयता’ या उपक्रमात गावातल्याच साध्या माणसांना हे शिक्षण दिले जाते : दुःखात असलेल्या शेजाऱ्यापाशी चार-सहा वेळा जाऊन बसणे, त्याचे ऐकणे, आणि दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे दिसले तर त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे. आपण तीस वर्षे वर्ग सांभाळला आहे. कोणत्या बाकावरचे मूल गप्प झाले आहे हे आपल्याला न सांगता कळत असे. तीच नजर येथे हवी.

प्रश्न : माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. लग्नाला दोन वर्षे झाली, तेव्हापासून बडोद्यात भाड्याच्या खोलीत राहतो. मिस्टरांची पाळी दर आठवड्याला बदलते. शेजारच्या मावशी मला ओढून भोंडल्याला नेतात, दुपारी पत्ते खेळायला बसवतात. सगळ्या हसतात, मीही हसते, आणि घरी येऊन रडते. महिन्याभरापासून पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. जेवण गोड लागत नाही. कधी कधी वाटते की झोपले तर उठूच नये. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : नाही. आणि तुमच्या पत्राचे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून तुम्ही दिलेल्या पत्त्यावर ते आधीच पाठवले आहे. येथे ते इतरांसाठी देत आहे.

मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप मोडणे, भूक जाणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच्या रोज टिकली, तर त्याला घरची आठवण म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते, आणि नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. पुष्कळ बायकांमध्ये तो आधी अंगातून बोलतो : डोके दुखते, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात. मग महिनोन्महिने रक्त-लघवीच्या तपासण्या होतात आणि मनाचे कोणी विचारत नाही. ओट्यावरच्या खेळाचे गुण मी वर इतके गायले. परंतु खेळ हे औषध नव्हे. ताप आलेल्या माणसाला आपण फुगडी घालायला लावत नाही.

‘उठूच नये’ हा विचार ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तो कोणाला तरी तोंडाने सांगायचा, मिस्टरांना किंवा मावशींना. 14416 हा ‘टेली मानस’ या मनाच्या आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ही सेवा सुरू केली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. पहाटे तीनलाही फोन करता येतो, हे मुद्दाम लिहिते. प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे. तेथे जाताना कोणी पाहील, ही भीती मला ठाऊक आहे. आपण काय सांगितले आणि कोणते उपचार घेतले हे गुप्त राहणे हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हाही हक्कच आहे. तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही, तरीही विचारून ठेवते : घरात मारहाण किंवा धाक असेल तर गुजरातेत 181 वर ‘अभयम’ या महिलांच्या मदत-फोनसेवेला फोन करावा.

आता मावशींच्या पत्त्यांच्या डावाबद्दल. जावेच असे नाही. गेलात तर पहिले काही दिवस हातात पत्ते घेऊ नका, नुसते गुण लिहा. वही पेन्सिल हाती असली की बसायला कारण मिळते आणि हसण्याची सक्ती राहत नाही. अर्ध्या तासाने उठून यावे. आणि मावशींना एवढे जरूर सांगा की ओढून नेऊ नका, बोलवायला मात्र येत राहा.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. भायलीच्या बाजूला आमच्या इमारतीचे काम चालू आहे. दाहोद आणि झाबुआकडच्या साठेक मजूर स्त्रिया साइटवरच राहतात. रविवारी त्यांच्यासाठी खेळ घ्यावेत असे माझ्या मनात आहे. कोणते खेळ शिकवावेत?

उत्तर : तुमची इच्छा चांगली आहे, पण क्रम उलटा करा. या स्त्रियांचे दुखणे वरच्या दोन पत्रांतल्यासारखे नाही. त्या बहुधा गावच्या माणसांबरोबर, टोळीने येतात; आपल्या बोलीत बोलायला चार जणी जवळ असतात, आणि होळी जवळ आली की मुकादमाने काहीही सांगितले तरी सामान बांधून गावाकडे निघतात. त्यांना छळतो तो थकवा, आणि त्याहून अधिक मुलांची चिंता. डोक्यावर घमेले घेऊन जिना चढणाऱ्या बाईचे लक्ष खाली पाण्याच्या टाकीजवळ खेळणाऱ्या पोरावर असते. दिवसभर अशा दोन ठिकाणी वाटल्या गेलेल्या मनाला रविवारच्या दोरीउडीने काय विसावा मिळणार?

इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) तरतूद होती की, जेथे पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतात तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली असावी. तुमच्याकडे साठ आहेत. ती खोली आहे का, तिला हवा-उजेड आहे का, मुलांकडे पाहायला कोणी आहे का, हे आधी बघा. ठेकेदाराशी त्यावरून वाजले तर वाजू द्या.

खोली झाली की खेळ आपोआप होईल, कारण जेथे मुले सुरक्षित असतात तेथे आया दहा मिनिटे टेकतात. तुम्ही पुरुष आहात की स्त्री हे पत्रावरून कळत नाही. पुरुष असाल तर त्या वेळी तिकडे फिरकू नका. रविवारची दुपार बाजारहाट, धुणे आणि न्हाणे यांत जाते, तिच्यावर डोळा ठेवू नका. शिकवायचे तर काहीच नको. दिवेलागणीला त्या स्वतःच्या गाण्यावर हातात हात गुंफून फेर धरतात का, ते पाहा. धरत असतील तर तेवढी जागा खडी-सळयांपासून मोकळी ठेवून घ्या आणि तेथे एक दिवा लावून द्या.

प्रश्न : पत्नी दिवसभर मोबाइलवर ल्युडो खेळते. आम्ही नांदेडहून येथे येऊन वर्ष झाले. हे व्यसन समजावे का? फोन काढून घ्यावा का?

उत्तर : फोन काढून घेऊ नका, कदाचित माहेरच्या माणसांशी बोलण्याचे तेवढेच साधन तिच्याजवळ असेल. त्या खेळात समोर कोण असते, हे तिला सहज विचारा. नांदेडची बहीण आणि वहिनी असतील, तर तो तिचा ओटाच आहे, फक्त सहाशे-सातशे किलोमीटर लांबचा. समोर रोज कोणी अनोळखी असेल, पैसे लावले जात असतील, किंवा झोप आणि जेवण त्यापायी सुटत असेल, तर बसून शांतपणे बोलायला हवे, आणि गरज वाटल्यास वर दिलेल्या 14416 या क्रमांकावर दोघांनीही.

दिवसभर म्हणजे किती, हे तुम्ही कामावरून आल्यावर पाहता की तिने सांगितले? तुम्ही घरी असतानाही ती खेळत असेल, तर बाजारातून साधा कागदी पट आणा आणि जेवणानंतर तिच्यासमोर मांडा. दोघांनी दोन-दोन रंग घेतले तरी चालतात. पण शेजारच्या जोडप्याला हाक मारता आली तर एकेकाला एक रंग येतो.